'हेल्दी' ग्रॅनोलात साखर दुसऱ्या नंबरला! मग बेंबळीत ज्वारीचा ग्रॅनोला कसा झाला?

धाराशिव तालुक्यात बेंबळी नावाचं गाव आहे. माझी मावशी तिथली. गेल्या दिवाळीनंतर काकांची तपासणी झाली आणि शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि गोड कमी करायला सांगितलं. मी पुण्यात बसून काय करणार? भाच्याचं कर्तव्य म्हणून ऑनलाइन ग्रॅनोलाचं एक महागडं पाकीट मागवलं आणि थेट बेंबळीच्या पत्त्यावर पाठवून दिलं. पाकिटावर ओट्सचं शेत, मधाचं पोळं आणि मोठ्या अक्षरात 'हेल्दी'. अजून काय पाहिजे?

चार दिवसांनी मावशीचा फोन.

"काय रे, हे काकाला खायला पाठवलंस का मारायला?"

"मावशी, हेल्दी असतंय ते. ओट्सचं आहे."

"आरं पण मागं वाचलंस का? नातीनं वाचून दाखवलं मला. पहिलं ओट्स, दुसरी साखर, मग मध, मग कसलातरी सिरप. काकाचा चहा बिनसाखरेचा केलाय मी, अन् हे वाटीत घालून देऊ व्हय?"

खरं सांगायचं तर मी मागचं वाचलंच नव्हतं. आपल्यापैकी बहुतेक जण वाचत नाहीत. म्हणून आधी तेच बघू, आणि मग संक्रांतीला बेंबळीला गेल्यावर आम्ही घरच्या ज्वारीचा जो ग्रॅनोला केला त्याची कृती बघू.

हा ग्रॅनोला आला कुठून?

गंमत म्हणजे ज्या पदार्थात आज साखर शोधावी लागत नाही, तो सुरू झाला तेव्हा त्यात साखर नव्हतीच. १८६३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स केलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर आरोग्यधाम चालवायचे. त्यांनी कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ पाण्यात मळलं, भाजलं, फोडलं आणि पुन्हा भाजलं. नाव ठेवलं 'ग्रॅन्युला'. हे इतकं कडक असायचं की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकचे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ केला, नावही तेच दिलं, त्यावरून वाद झाला आणि त्यांनी एक अक्षर फिरवून 'ग्रॅनोला' केलं. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग ते हेच.

नंतर हा पदार्थ मागे पडला. १९६० च्या दशकात हिप्पी मंडळींनी तो परत आणला, ओट्स, सुकामेवा आणि मध घालून. 'नैसर्गिक खाणं' अशी त्याची ओळख झाली. मग मोठ्या कंपन्या आल्या आणि ओळख तीच ठेवून गोडवा वाढत गेला.

पाकीट उलटं करून वाचा

आपल्याकडे पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा एफएसएसएआयचा नियम आहे. म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर दुसऱ्या नंबरला असेल तर ओट्सनंतर सगळ्यात जास्त साखरच आहे, बदाम नाहीत. पुढच्या बाजूच्या चित्रात भले बदाम डोंगराएवढे दिसोत.

आता यात एक खेळी असते. सगळी साखर एकाच नावाने लिहिली तर ती वर येते. म्हणून थोडी साखर, थोडा मध, थोडा ग्लुकोज सिरप, थोडी ब्राऊन शुगर असं वाटून टाकलं की प्रत्येकाचं वजन कमी होतं आणि प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, काकवी, राइस सिरप ही सगळी त्याच घरातली भावंडं. माल्टोडेक्स्ट्रिन हे नावाने साखर नाही, पण रक्तातली साखर ते झटक्यात वाढवतं.

त्यामुळे नावांच्या मागे न लागता पोषणाचा तक्ता बघा. त्यात एकूण साखर आणि 'ॲडेड शुगर', म्हणजे वरून घातलेली साखर, असे दोन आकडे असतात. बघताना १०० ग्रॅमचा आकडा बघा, 'पर सर्व्हिंग'चा नको. कारण ती सर्व्हिंग बऱ्याचदा ३० ग्रॅमची धरलेली असते, आणि ३० ग्रॅम ग्रॅनोला म्हणजे वाटीच्या तळाला लागेल एवढाच.

समजा १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम साखर आहे. अशी पाकिटं दुकानात सहज सापडतात. मग अर्ध्या किलोच्या पाकिटात झाली १०० ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास २४ चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवलं तर अजून चांगलं. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. दिवसभराचे.

'हेल्दी' या शब्दाचं काय? एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासह अशी सगळी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. ती गोष्ट पेयांची होती. पण पाकिटावरच्या गोड शब्दांवर किती विसंबायचं हे त्यावरून कळतं.

आणि हा प्रश्न फक्त आमच्या काकांचा नाही. आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहावरच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शुगर म्हणजे शहरातल्या लोकांचा आजार, असं म्हणायचे दिवस गेले.

बेंबळीत ओट्स कुठून आणायचे?

आणायचेच नाहीत. हा मावशीचा निकाल.

"घरात जवारी पडलीय पोत्यानं, अन् ओट्स कशाला विकत?"

मुद्दा बिनतोड होता. धाराशिव हा रब्बी ज्वारीचा मुलूख. थंडीत हुरडा, वर्षभर भाकरी आणि नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतात. तंतूंच्या बाबतीत ती ओट्सच्या जवळपासच आहे, प्रथिनांत ओट्स थोडे पुढे. ती प्रथिनांची कसर शेंगदाणे आणि डाळं भरून काढतात.

बाकीचं सामानही इथलंच. शेंगदाणे, तीळ, जवस, डाळं, करडईचं तेल. मराठवाड्यात जवसाची चटणी होते त्या घरात 'फ्लॅक्स सीड' नावाने दोनशे ग्रॅमची बाटली मागवायची म्हणजे हद्द झाली. (मी मागवलेली आहे. मावशीला सांगू नका.)

पण 'इथलं सगळं घरात असतंच' असं म्हणणंही आता पूर्ण खरं नाही. या भागात खरिपात सोयाबीन पसरलं, जिथे पाणी लागलं तिथे ऊस गेला. ज्वारी, जवस, करडई, तीळ ही पिकं मागे सरली. सोयाबीनचे पैसे येतात आणि खायचं दुकानातून आणायचं, असं बऱ्याच घरांचं झालं. दुष्काळात पैसेही येईनात तेव्हा ताटातलं आधी कमी झालं, आणि तेही बायकांच्या.

यावर याच जिल्ह्यात एक उत्तर शोधलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने घरबांधणीच्या कामात बायकांना बरोबर घेऊन उभी राहिली. पुढे तिचं काम शेतीकडे वळलं. बायकांनी घरच्यांकडे मागणी केली ती एक एकराची. बाकी रानात नगदी पीक घ्या, पण हा एक एकर आमचा. त्यात रासायनिक खत-औषधाशिवाय ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला असं घरात खायचं पिकवायचं, उरलं तर विकायचं. हेच 'एक एकर मॉडेल'. या कामासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे हे या चळवळीतलं ठळक नाव.

ग्रॅनोलाशी याचा संबंध काय? खाली जी यादी येतेय ती तशा एका एकरात बरीचशी पिकते. पुण्याच्या मॉलमध्ये हेच सामान वेगवेगळ्या बरण्यांत घेतलं तर बिल बघून ग्रॅनोलाचं पाकीट स्वस्त वाटायला लागतं.

साखर काढली की ग्रॅनोला का बिघडतो?

कृती आधी सांगत नाही, कारण हे कळलं नाही तर पहिला घाणा फसतो. माझा फसला होता.

मी पुण्यात पहिल्यांदा करताना साखर, मध, गूळ सगळं वगळलं. ओट्स आणि शेंगदाणे तेलात परतून भाजले. जे तयार झालं ते चवीला भुसा आणि दिसायला कोंबड्यांचं खाद्य. कारण ग्रॅनोलात साखर फक्त गोडीसाठी नसते. साखरेचा पाक तेलाबरोबर प्रत्येक दाण्यावर पातळ थर धरतो. भाजताना पाणी उडतं आणि गार झाल्यावर तो थर काचेसारखा कडक होतो. दाण्यांचे गठ्ठे धरतात ते त्यामुळे. चिक्की आणि ग्रॅनोला ही एकाच पाकाची दोन रूपं. सोनेरी रंग आणि भाजका वासही बराचसा त्यातूनच येतो.

म्हणजे साखर कमी करायची तर चिकटपणा, कुरकुरीतपणा आणि चव ही तीन कामं दुसऱ्या कुणालातरी द्यावी लागतात. चिकटपणा जवसाला देता येतो. जवसाची पूड पाण्यात दहा मिनिटं ठेवा, तार धरेल असा चिकट लगदा तयार होतो. कुरकुरीतपणासाठी मंद आच आणि सबुरी. चवीसाठी मीठ, वेलची, सुंठ. वेलची किंवा दालचिनीच्या वासाने पदार्थ आहे त्यापेक्षा गोड लागतो, आणि चिमूटभर मिठाने थोडीशी गोडीही उठून दिसते. गोडाच्या शिऱ्यात आजी चिमूटभर मीठ घालायची ते उगाच नाही.

आणि गूळ? 'साखरेऐवजी गूळ वापरा, तो चालतो' हे वाक्य तुम्ही दिवसातून एकदा तरी व्हॉट्सॲपवर वाचत असाल. गूळही उसाचाच, आणि त्यात बहुतांश साखरच असते. थोडी खनिजं जास्त, हे खरं. पण ती अंगी लागायची तर जेवढा गूळ खावा लागेल त्याने वेगळीच पंचाईत होईल. शुगर असलेल्या माणसाचं शरीर गूळ, मध आणि साखर यांत फार भेदभाव करत नाही. आम्ही गूळच वापरला, पण तो घरात होता आणि खमंग लागतो म्हणून. मात्रा मोजून.

मावशीच्या कढईतली कृती

साधारण अर्धा किलो होतो. ओव्हन नाही, तराजू मात्र पाहिजे. नंतर वाटीने अंदाज येतो.

ज्वारीचे पोहे २०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, डाळं ५० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, जवस २५ ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या २० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम, करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल ३० ग्रॅम. शिवाय अर्धा चमचा मीठ, वेलची आणि सुंठ.

ज्वारीचे पोहे किराणा दुकानात किंवा बचत गटांच्या स्टॉलवर मिळतात. ते आधीच वाफवून, दाबून वाळवलेले असतात, त्यामुळे भाजले की खाता येतात. लाह्या घरी करायच्या तर ज्वारीवर गरम पाणी घालून लगेच निथळायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी कढई चांगली तापवून मूठमूठ टाकायची. दाण्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. वर फडकं धरा, नाहीतर लाह्या घरभर होतील.

पोहे मंद आचेवर दहा मिनिटं कोरडे भाजून घ्या, हाताने मोडल्यावर कट्कन तुटले पाहिजेत. शेंगदाणे वेगळे भाजून, सोलून जाडसर भरडा. तीळ आणि जवस तडतडेपर्यंतच ठेवा. जवस जरा जास्त झाला की कडवट होतो आणि मग त्याला कुणी वाचवू शकत नाही. निम्म्या जवसाची पूड करून तिच्या तिप्पट पाण्यात कालवून ठेवा.

आता कढईत तेल, चिरलेला गूळ आणि दोन चमचे पाणी. गूळ विरघळला की लगेच जवसाचा लगदा, मीठ, वेलची, सुंठ घाला. इथे चिक्कीसारखा पाक करत बसायचं नाही. लाह्या सोडून सगळं त्यात टाका आणि हलक्या हाताने कालवा. सगळं ओलसर होईल, घाबरू नका. आच अगदी बारीक करून पंधरा मिनिटं परतत राहा. ओल गेली की हाताला हलकं लागतं आणि आवाज बदलतो. परातीत काढून वाटीच्या बुडाने दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. गरम असताना चिवडलं तर गठ्ठे होत नाहीत. गार झाल्यावर फोडा, लाह्या मिसळा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दोन-तीन आठवडे टिकतो. नंतर शेंगदाण्याला खवट वास येतो.

ओव्हन असेल तर १५० अंशांवर साधारण २५ मिनिटं, मध्ये एकदा हलवून.

हिशेब बघा. अर्ध्या किलोत गूळ ३० ग्रॅम. ४० ग्रॅमच्या वाटीत येतो अडीच ग्रॅमच्या आत, अर्ध्या चमच्याच्या आसपास. आधीच्या उदाहरणातल्या पाकिटातून तेवढ्याच वाटीत आठ ग्रॅम साखर गेली असती.

मनुके किंवा खजूर घालायचे असतील तर भाजून झाल्यावर घाला, आधी घातले तर खड्यासारखे होतात. पण मनुक्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. पोरांच्या डब्यात चालतील, काकांच्या नको.

मग काकांनी किती खायचा?

इथे जरा सावध राहिलं पाहिजे. साखर कमी म्हणजे पदार्थ शुगरवाल्यांना मोकळा, असं नाही. ज्वारीच्या वजनात दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात आणि शेवटी त्यांचीही साखर होते, तंतूंमुळे जरा सावकाश. शिवाय दाणे आणि तेलामुळे उष्मांक भरपूर. म्हणून हा ग्रॅनोला भाकरीच्या किंवा पोह्यांच्या जागी, त्यांच्या वर नाही. काका मूठभर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम, घरच्या दह्यात घालून खातात. तेही डॉक्टरांना विचारून. गोळ्या यामुळे कमी करायच्या नाहीत, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

खरी साखर लपलेली होती ती चहात. आमच्याकडे चहा म्हणजे पाहुणचार, आणि फिका चहा म्हणजे पाहुण्याचा अपमान. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे धरले तरी झाले आठ चमचे. सहाची मर्यादा दुपारच्या चहालाच संपली. घरातल्या बाकीच्यांसाठी मावशीने वेगळीच युक्ती केली. कुणाला न सांगता दर दोन आठवड्यांनी पातेल्यातली साखर अर्धा चमचा कमी. जिभेला नव्या गोडीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून एकदम बंद केलेली साखर परत येते आणि हळूहळू कमी केलेली सहसा येत नाही. मार्चपर्यंत घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते एका लग्नात. "हितला चहा लईच गोड हाय," असं म्हणून मावसभावाने कप खाली ठेवला.

ग्रॅनोलाचं पुढे असं झालं की दुसऱ्या घाण्यात मावशीने गूळ निम्मा केला. तिसऱ्यात काढूनच टाकला आणि त्याजागी हळद, जिरं, कढीपत्ता आणि वाटलेली लसूण-मिरची आली. त्याचा फोटो तिने मला पाठवला. मी म्हटलं, मावशी, हा ग्रॅनोला नाही, हा चिवडा झाला.

"मग मी काय म्हणत होते?" मावशी म्हणाली, आणि डबा भरून एसटीने पाठवून दिला.